रेणवीय आयनांचे आघातजन्य विगमन : घटना आणि परिभाषा

वेगाने जाणारा एखादा विद्युत् भारित रेणू वाटेतील अणूवर आदळला असता त्याचे तुकडे होतात, ही घटना सांगावयास एक वाक्य पुरे आहे. परंतु हेच वाक्य वर्ध्याच्या विद्यार्थ्याने हिंदी ग्रंथात वाचले, तर तेथे ‘आण्विक आयन’ हा ‘परमाणु’वर आदळतो, मराठी ग्रंथात वाचले, तर ‘रेणवीय आयन’ हा ‘अणू’वर आदळतो. ‘अणु’ हा शब्द दोन्ही वाक्यांत येतो. मात्र पहिल्या वाक्यात तो आदळणाऱ्याचे नाव आहे, आणि दुसऱ्यात ज्यावर आदळावयाचे त्याचे. एकाच लिपीतील, एकाच संस्कृत मुळातून आलेल्या दोन शास्त्रीय भाषा येथे शब्दाच्या अगदी उलट टोकांस उभ्या आहेत.

वर्धा जिल्ह्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ कोशातील नाही. राष्ट्रभाषा प्रचार समितीची स्थापना १९३६ साली वर्ध्यास झाली. मातृभाषेतून शिक्षण हे ज्याचे एक प्रमुख सूत्र होते, ते राष्ट्रीय शिक्षण संमेलन ऑक्टोबर १९३७ मध्ये येथेच भरले. पुढे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयही येथेच उभे राहिले. हिंदी आणि मराठी ही दोन्ही वाङ्‌मये विद्यार्थ्याच्या हाती सहज येतील अशी जी थोडी गावे महाराष्ट्रात आहेत, त्यांत वर्ध्याची गणना करावी लागेल. म्हणून या घटनेचे विवेचन करताना आधी शब्द, मग पदार्थ आणि शेवटी पुन्हा शब्द, असा क्रम घेणे इष्ट होय.

१. अणू, परमाणु आणि रेणू

वैशेषिक दर्शनात ‘परमाणु’ हा निरवयव आणि नित्य मानला आहे. दोन परमाणूंच्या संयोगाने द्व्यणुक होते आणि तीन द्व्यणुकांचे मिळून त्र्यणुक. खिडकीतून येणाऱ्या सूर्यकिरणात तरंगताना दिसणारा कण हा त्र्यणुकाचे उदाहरण म्हणून दिला जातो. त्यासच त्रसरेणु असेही नाव आहे. ‘रेणु’ म्हणजे मुळात धूळ. मराठीच्या जुन्या वापरात ‘अणुरेणू’ असा जोडशब्द अतिसूक्ष्मतेचा वाचक म्हणून रूढ आहे. त्यात दोन घटकांच्या आकारांची तुलना अभिप्रेत नाही.

पाश्चात्त्य रसायनशास्त्रातील दोन कल्पनांना देशी नावे देण्याची वेळ आली, तेव्हा दोन्ही भाषांनी याच भांडारातून शब्द उचलले. पण निरनिराळ्या जोड्या निवडल्या. हिंदीने ‘परमाणु’ आणि ‘अणु’ ही जोडी घेतली : जो परम सूक्ष्म तो परमाणु, आणि त्यांच्या संयोगाने झालेला तो अणु. मराठीने ‘अणू’ आणि ‘रेणू’ ही जोडी घेतली : सूक्ष्म तो अणू, आणि त्यांच्या समूहाचा तो रेणू. हिंदीत मधल्या काळात ‘व्यूहाणु’ असाही शब्द सुचविला गेला होता. तो रूढ झाला असता, तर हा घोळ पुष्कळच कमी झाला असता. यांपैकी कोणतीही निवड अशास्त्रीय नाही. प्रत्येक जोडी आपल्या भाषेत सुसंगत आहे. अडचण उत्पन्न होते ती एका जोडीतील शब्द दुसऱ्या जोडीत शिरला म्हणजे. व्यवहारात तसे घडतेही. हिंदी भाषिकही ‘अणुशक्ति’ आणि ‘अणुबम’ हे शब्द वापरतात आणि त्या वेळी त्यांच्या मनात परमाणूच असतो.

‘आयन’ या शब्दाविषयी मात्र दोन्ही भाषांचे एकमत आहे. तो ग्रीक धातूवरून, ‘जाणारा’ या अर्थी, इंग्रजीच्या मार्गाने आला. संस्कृतातील ‘अयन’ म्हणजे ‘गमन’ हा शब्दही त्याच ‘जाणे’ या अर्थाच्या भारत-युरोपीय धातुकुलातील असल्याने तो देशी भाषांत परका वाटला नाही.

२. सर्वांत साधा रेणवीय आयन

दोन प्रोटॉन आणि त्यांना एकत्र बांधणारा एकच इलेक्ट्रॉन, एवढ्याच सामग्रीचा हायड्रोजन-रेणू-आयन हा सर्व रेणूंमध्ये साधा होय. जे. जे. टॉमसन यांच्या धन किरणांवरील प्रयोगांत, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी, अशा रेणवीय आयनांच्या खुणा छायाचित्रण-काचेवर उमटल्या होत्या. या आयनातील दोन प्रोटॉनांमधील समतोल अंतर सुमारे १.०६ अँगस्ट्रॉम आहे. त्याच्या निम्नतम अवस्थेतून हायड्रोजनचा एक अणू आणि एक प्रोटॉन असे दोन भाग वेगळे करावयास सुमारे २.६५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते.

एक इलेक्ट्रॉन दोन प्रोटॉनांना कसा बांधतो? पुंजयामिकीनुसार इलेक्ट्रॉनाच्या दोन नीचतम अवस्था संभवतात. पहिलीत त्याची घनता दोन प्रोटॉनांच्या मधल्या जागेत साचते. ऋण भाराची ही गादी दोन्ही धन भारांना आपल्याकडे ओढते, आणि बंध सिद्ध होतो. दुसरीत नेमकी मधली जागा रिती राहते. मध्ये गादी नसल्याने प्रोटॉन एकमेकांना दूर लोटतात. ही अवस्था बंधविरोधी होय. समतोल अंतरावर या दोन अवस्थांच्या ऊर्जांत सुमारे १२ इलेक्ट्रॉन-व्होल्टांचे अंतर आहे. प्रोटॉन एकमेकांपासून फार दूर गेले असता मात्र दोन्ही अवस्था एकाच ऊर्जेवर येऊन मिळतात, कारण तेव्हा एक मोकळा प्रोटॉन आणि एक हायड्रोजन अणू एवढेच उरतात. आघाताने होणाऱ्या विगमनाचा बहुतेक सर्व आशय या दोन वक्रांच्या चित्रात साठविलेला आहे.

३. तुटण्याचे दोन मार्ग

१०,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने जाणारा हा आयन सेकंदास सुमारे १० लक्ष मीटर वेगाने धावतो. वाटेत हीलियमचा अणू भेटला, तर त्याच्या निकट सान्निध्यात तो सुमारे २ अँगस्ट्रॉम अंतर काटतो, असे धरू. त्यास लागणारा काळ एका सेकंदाच्या दहा हजार अब्जांश भागाच्याही सुमारे पाचशेवा भाग आहे. या आयनातील प्रोटॉनांच्या एका कंपनास जेवढा काळ लागतो, त्याचा हा सुमारे सत्तरावा हिस्सा होय. म्हणजे आघात होऊन संपतो, तोवर प्रोटॉन जवळजवळ जागचे हललेले नसतात. हलतो तो हलका इलेक्ट्रॉन. हीलियमच्या विद्युत् क्षेत्राच्या या क्षणिक धक्क्याने तो बांधणाऱ्या अवस्थेतून बंधविरोधी अवस्थेत उडी घेतो, आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा आयनाच्या गतिज ऊर्जेतून वजा होते.

उडी झाल्यावर रेणू तत्क्षणी तुटलेला नसतो, पण त्याचे भवितव्य ठरलेले असते. प्रोटॉन जुन्याच अंतरावर आहेत, मात्र त्यांच्यामधील आकर्षणाच्या जागी आता प्रतिसारण आले आहे. समतोल अंतरावर बंधविरोधी वक्र आपल्या अंतिम पातळीच्या सुमारे ९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट वर असतो. एवढी ऊर्जा दोन तुकड्यांच्या परस्परगतीत उतरते. तुकडे जवळजवळ समान वस्तुमानाचे असल्याने प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे ४.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येतात. हा पहिला मार्ग, इलेक्ट्रॉनीय उत्तेजनाचा.

दुसरा मार्ग संवेग-संक्रमणाचा. येथे लक्ष्य अणू आयनातील एकाच अणुकेंद्रावर नेमका आदळतो. त्या केंद्रास मिळालेला झटका दुसऱ्या केंद्राकडे पोचण्यापूर्वीच बंध ताणला जाऊन तुटतो. झटका सौम्य असेल, तर रेणू आधी जोराने कंप पावू वा भ्रमण करू लागतो. ती आंतरिक ऊर्जा बंधाच्या सामर्थ्याहून अधिक झाली, तरच त्याचे भाग वेगळे होतात. मंद आयनांच्या बाबतीत संवेग-संक्रमण महत्त्वाचे ठरते, आणि हजारो इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या शलाकेत इलेक्ट्रॉनीय उत्तेजनाचे प्राबल्य असते.

येथे एक सामान्य गैरसमज दूर करणे अवश्य आहे. आयनाजवळ १०,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतील, तर ते सर्व बंध तोडण्याच्या कामी येऊ शकतात, असे नव्हे. आदळणाऱ्या जोडीच्या वस्तुमानमध्याची गती आघातानंतरही कायम राहते. तिच्यात अडकलेली ऊर्जा उपयोगी पडत नाही. हायड्रोजन-रेणू-आयनाचे वस्तुमान २ आणि हीलियमचे ४ धरल्यास उपलब्ध ऊर्जा एकूण ऊर्जेच्या दोन-तृतीयांश, म्हणजे सुमारे ६,७०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट भरते. लक्ष्य म्हणून ४० वस्तुमानाचा आर्गॉन घेतल्यास तीच सुमारे ९,५०० होते. शलाका वेगवान असताना या फरकाने विशेष बिघडत नाही. पण उंबरठ्याजवळ तो निर्णायक ठरतो. हीलियमवर आदळवून २.६५ इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा बंध तोडावयाचा, तर निम्नतम अवस्थेतील आयनास किमान ४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट गतिज ऊर्जा हवी. त्याहूनही कमी ऊर्जेवर एक स्पर्धक मार्ग उघडा असतो : हीलियम अणू एका प्रोटॉनास आपल्याकडे घेऊन हीलियम-हायड्राइड आयन बनवितो. त्यास सुमारे ०.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टच पुरतात.

४. लहानशा ऊर्जेचे मोठे प्रतिबिंब

तुकड्यांस मिळालेले ४.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट १०,००० च्या शलाकेत कसे मोजावयाचे, असा प्रश्न साहजिक आहे. निसर्गानेच त्याची सोय केलेली आहे. धावत्या आगगाडीत पुढच्या दिशेने फेकलेल्या चेंडूचा वेग जमिनीवरून पाहणाऱ्यास गाडीचा वेग अधिक चेंडूचा वेग एवढा दिसतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने या बेरजेचा वर्ग करताना दोन वेगांच्या गुणाकाराची दुप्पट हे पद येते, आणि तेच लहान वेगाचा परिणाम वाढवून दाखविते.

आकड्यांनी पाहू. रेणू तुटल्यावर प्रत्येक प्रोटॉनाजवळ शलाकेच्या गतीपैकी ५,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतात. ४.५ आणि ५,००० या ऊर्जांच्या गुणोत्तराचे वर्गमूळ ०.०३ आहे, म्हणजे तुकड्याचा स्वतःचा वेग शलाकेच्या वेगाच्या ३ टक्के आहे. पुढे फेकलेल्या प्रोटॉनाचा वेग १.०३ पट झाला, त्याची ऊर्जा सुमारे ५,३०५; मागे फेकलेल्याचा वेग ०.९७ पट, त्याची ऊर्जा सुमारे ४,७०५. मुळातील ४.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टांनी ६०० इलेक्ट्रॉन-व्होल्टांचे अंतर उत्पन्न केले. बाजूस फेकलेले तुकडे शलाकेच्या दिशेपासून सुमारे पावणेदोन अंशांपर्यंत सरकतात. म्हणून सरळ दिशेतील प्रोटॉनांच्या ऊर्जांचा आलेख काढला असता ५,००० च्या दोन्ही अंगांस दोन शिखरे दिसतात. त्यांच्या अंतरावरून बंधविरोधी वक्राची उंची निघते. मधोमध दिसणारे शिखर हे ज्या तुकड्यांना विगमनात अगदी थोडी ऊर्जा मिळाली, त्यांचे असते.

हे मोजमाप विश्वसनीय व्हावे यासाठी दोन पथ्ये पाळावी लागतात. लक्ष्य वायूचा दाब इतका कमी ठेवावा लागतो, की एका आयनाला फार तर एकच आघात घडावा. अन्यथा दोन आघातांची फळे एकत्र मिसळतात. दुसरे पथ्य आयनाच्या पूर्वस्थितीचे. हायड्रोजन वायूवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून बनविलेले आयन निरनिराळ्या कंपन-पातळ्यांवर जन्मतात. हा आयन सममित असल्याने त्यास कंपन-ऊर्जा प्रारणाच्या रूपाने सहज टाकता येत नाही. तो दीर्घकाळ ‘तप्त’ राहतो. अशा आयनास तोडावयास २.६५ हून पुष्कळ कमी ऊर्जा पुरते. पूर्वस्थिती न सांगता दिलेला विगमनाचा आकडा म्हणूनच अपुरा होय.

५. भार कोणाच्या वाट्यास?

हायड्रोजन-रेणू-आयनात दोन्ही केंद्रे सारखी आहेत. तुटताना इलेक्ट्रॉन कोणाकडे गेला, यास तेथे भौतिक अर्थ फारसा नाही. हीलियम-हायड्राइड आयनाची गोष्ट वेगळी. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन काढावयास १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, तर हीलियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढावयास २४.६. म्हणून हा आयन निम्नतम अवस्थेतून तुटला, तर प्रोटॉन आणि उदासीन हीलियम असे भाग होतात. भार हायड्रोजनकडे राहतो. हीलियम भारित व्हावयाचा आणि हायड्रोजन उदासीन, तर अंतिम पातळी सुमारे ११ इलेक्ट्रॉन-व्होल्ट उंच असते. त्यासाठी इलेक्ट्रॉनीय उत्तेजन आवश्यकच ठरते. तात्पर्य, कोणता तुकडा भारित निघाला, एवढ्यावरूनही आघातात काय घडले असावे, याचा अंदाज बांधता येतो.

हा आयन प्रयोगशाळेत १९२५ सालापासून परिचित आहे. विश्वाच्या आरंभकाळी बनलेल्या पहिल्या रेणूंत त्याची गणना केली जाते. तरीही अवकाशात तो निश्चितपणे सापडल्याचे वृत्त २०१९ साली प्रसिद्ध झाले, एन.जी.सी. ७०२७ या बिंबाभ्रिकेत ‘सोफिया’ या विमानस्थ वेधशाळेने त्याचा वेध घेतला. अशा ठिकाणी आयन किती उरतील, हे ते किती बनतात आणि किती तुटतात, या हिशेबावर अवलंबून असते.

६. मुंबईतील संशोधन आणि द्विभारित रेणू

महाराष्ट्रात या विषयाचे पद्धतशीर संशोधन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाले. दीपक माथुर आणि त्यांचे सहकारी यांनी रेणवीय आयन वायूंतून पाठवून आघातात त्यांची गतिज ऊर्जा किती घटते वा वाढते, याचे सूक्ष्म मापन केले. इलेक्ट्रॉनाच्या उडीची किंमत गतिज ऊर्जेतूनच चुकती होत असल्याने ही घट म्हणजे त्या उडीची पावतीच होय. बहुभारित रेणूंवरील माथुर यांचा विस्तृत समालोचन-लेख १९९३ साली प्रसिद्ध झाला.

बहुभारित रेणूंचा प्रश्न मुळातच कुतूहलाचा आहे. कार्बन मोनॉक्साइडमधून दोन इलेक्ट्रॉन काढून घेतले, तर उरलेल्या दोन धन भारांच्या प्रतिसारणाने तो लगेच फुटावा, अशी अपेक्षा. परंतु रासायनिक बंध आणि प्रतिसारण यांच्या ओढाताणीत वक्रावर एक खळगा आणि त्यापुढे एक टेकडी तयार होते. खळग्यातील रेणू मितस्थायी राहतो. डेन्मार्कमधील आऱ्हूस येथील साठवण-कड्यात १९९३ साली केलेल्या प्रयोगांत असे काही आयन सेकंदांच्या मापाने टिकतात, असे आढळले. रेणूच्या काळमापनात सेकंद म्हणजे युगच होय.

तोडण्यावरून घडण ओळखता येते, याचेही एक प्रसिद्ध उदाहरण आहे. तीन प्रोटॉन आणि दोन इलेक्ट्रॉन असलेला त्रि-हायड्रोजन आयन वेगाने अत्यंत पातळ पापुद्र्यातून पाठविला, की त्याचे इलेक्ट्रॉन गळून पडतात आणि उरलेले प्रोटॉन परस्परांना दूर ढकलतात. त्यांच्या दिशांवरून १९७८ साली या आयनाचा आकार समभुज त्रिकोणाचा असल्याचे प्रयोगाने दाखविण्यात आले. समासाचा विग्रह केल्यावाचून त्यातील पदांचा संबंध कळत नाही, त्याच जातीचा हा न्याय होय.

७. शेतापर्यंत पोचणारा उपयोग

१९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस के. आर. जेनिंग्ज आणि एफ. डब्ल्यू. मॅक्लॅफर्टी यांनी आघातजन्य विगमनाला रासायनिक विश्लेषणाचे साधन बनविले. अज्ञात पदार्थाचा आयन वस्तुमानावरून निवडावयाचा, निष्क्रिय वायूवर आदळवून तोडावयाचा, आणि तुकड्यांची वस्तुमाने पुन्हा मोजावयाची, अशी ही रीत. एकाच वस्तुमानाचे दोन पदार्थ असू शकतात; पण ते निरनिराळ्या ठिकाणी तुटत असल्याने त्यांचे तुकडे बहुधा वेगळे निघतात. फळांतील कीटकनाशकांचे अवशेष याच रीतीने ओळखले जातात. पुणे येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात निर्यातीच्या द्राक्षांसंबंधी अशा परीक्षणाची व्यवस्था आहे. मोठ्या रेणूंत इलेक्ट्रॉनाच्या एका उडीने बंध तुटण्याऐवजी आघाताची ऊर्जा सर्व रेणूभर कंपनांच्या रूपाने पसरते आणि दुबळा बंध आधी तुटतो. परंतु ऊर्जेचा हिशेब वर सांगितला तोच राहतो.

८. नामकरणाचा निर्णय

आता पुन्हा शब्दांकडे वळू. आघाताने रेणूचे भाग वेगळे होणे, या कल्पनेस मराठीत विघटन, विचरण आणि विगमन असे शब्द उपलब्ध आहेत. हिंदीत ‘वियोजन’ रूढ आहे. ‘विघटन’ हा शब्द सेंद्रिय पदार्थांच्या कुजण्यापासून संस्थांच्या मोडण्यापर्यंत सर्वत्र वापरला जातो. त्याचा अर्थ फार पसरट झाला आहे. ‘विचरण’ हा शालेय पुस्तकांतील शब्द द्रावणातील आयन सुटे होण्याशी जोडला गेला आहे, आणि सामान्य मराठीत त्याचा अर्थ ‘हिंडणे’ असा होतो. ‘विगमन’ या शब्दात दोन भाग एकमेकांपासून दूर जाणे ही कल्पना स्पष्ट आहे, आणि वर वर्णिलेल्या घटनेचा गाभाही तोच आहे : इलेक्ट्रॉनाची उडी क्षणात संपते, नंतर उरते ते दूर जाणेच. म्हणून ‘आघातजन्य विगमन’ हा प्रयोग अधिक ग्राह्य वाटतो.

‘आघात’ या पदासही आधार आहे. वैशेषिकांनी गती उत्पन्न करणाऱ्या संयोगाचे ‘नोदन’ आणि ‘अभिघात’ असे भेद केले. नोदनात ढकलणारा आणि ढकललेला बरोबरच राहतात. अभिघातात ते स्पर्शानंतर विलग होतात. अर्थात् यावरून प्राचीनांना रेणवीय आयनांचे ज्ञान होते, असा निष्कर्ष काढणे हा शब्दांवर अत्याचार ठरेल. त्यांचा परमाणु निरवयव होता. येथे तर सारी कथा अवयवांचीच आहे. भेद करण्याची सवय आणि त्यासाठी घडविलेले शब्द, एवढाच वारसा येथे घ्यावयाचा आहे.

राहता राहिला ‘अणु’. २०२१ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण मराठीसह अन्य भारतीय भाषांतून देण्यास अनुमती मिळाली आहे, आणि ग्रंथांची भाषांतरे एका भारतीय भाषेतून दुसरीत होणे आता अटळ आहे. हिंदीतील ‘अणु’ मराठीत तसाच राहिला, तर वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष राहील आणि अर्थाने उलटे होईल. अशी चूक वाचकाच्या लक्षात येत नाही, हाच तिचा मोठा धोका आहे. ‘आण्विक आयनाची विगमन-ऊर्जा’ असा प्रयोग मराठी विद्यार्थ्याने वाचला, तर एकाच अणूच्या आयनाचे विगमन कसे व्हावे, या कोड्यात तो पडेल. किंवा त्याहून वाईट म्हणजे, कोडे न पडताच तो पुढे जाईल.

यावर उपाय साधे आहेत. ‘आण्विक’ हे विशेषण रेणूसंबंधी मराठीत कटाक्षाने टाळावे आणि ‘रेणवीय’ वापरावे. हिंदीतून भाषांतर करताना ‘अणु’ आणि ‘परमाणु’ या दोहोंचे रूपांतर जोडीनेच करावे. एक बदलून दुसरा ठेवू नये. आणि जेथे संदेह संभवतो, तेथे पहिल्याच उल्लेखात किती केंद्रांचा कण अभिप्रेत आहे, हे सांगून टाकावे. एका केंद्राचा तो अणू, अनेक केंद्रांचा तो रेणू. आघाताने विगमन होऊ शकते ते दुसऱ्याचेच. पहिल्याचा फार तर इलेक्ट्रॉन जाईल.